पॅरिशच्या दप्तरांतील फसवे शब्द



इंग्लंडमधील एखाद्या खेड्याचें जुनें दप्तर वाचूं लागलें म्हणजे अपरिचित शब्दांपेक्षां ओळखीचे वाटणारे शब्दच अधिक फसवितात. इ. स. १५३८ मध्यें टॉमस क्रॉमवेलच्या आज्ञेनें प्रत्येक पॅरिशमध्यें बाप्तिस्मे, विवाह व दफनें यांची नोंद ठेवण्याचा प्रघात पडला. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या धर्मकार्याखालील टापू. पुढें तोच गांवकारभाराचाहि घटक झाला.

'वेस्ट्री' म्हणजे मूळची धर्मगुरूंचीं वस्त्रें ठेवण्याची खोली. तेथें गांवची बैठक भरे, म्हणून बैठकीलाच तें नांव पडलें. 'ओव्हरसियर' म्हटलें कीं आपणांस सडका व बांधकामें आठवतात. तेथील ओव्हरसियर मात्र १६०१ च्या कायद्याप्रमाणें गरिबांसाठीं कर वसूल करून त्यांना मदत वाटणारा अधिकारी होय.

'सेटलमेंट' या शब्दांत तर माणसाचें भवितव्य सांठविलेलें असे. तो वसाहतीचा वाचक नव्हे, तडजोडीचाहि नव्हे. विपन्नावस्थेंत ज्या पॅरिशनें पोसावयाचें, तिच्यावरील हक्क म्हणजे सेटलमेंट. १६६२ च्या कायद्यानें असा हक्क नसलेल्यास त्याच्या हक्काच्या पॅरिशकडे परत धाडण्याचा अधिकार दिला. पत्नीला पतीचा हक्क लागू होई. त्यामुळें एखाद्या विधवेची रवानगी तिनें कधीं न पाहिलेल्या गांवींहि होऊं शके. दप्तरांत त्याची नोंद 'रिमूव्हल' एवढ्या एका शब्दांत आटोपते!

शेवटीं एक तारखेची गोष्ट. मे १७१० मध्यें विवाह आणि फेब्रुवारी १७१० मध्यें पहिल्या अपत्याचा बाप्तिस्मा, अशा नोंदी आढळल्या तर वाचक त्या मातेला दोष देऊन मोकळा होईल. परंतु इंग्लंडांत १७५१ पर्यंत कायद्यानें नवें वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून १७१० चा फेब्रुवारी त्याच वर्षाच्या मे महिन्यानंतर नऊ महिन्यांनीं आला! एकाच शकांत आधीं श्रावण व मग माघ येतो, हें जाणणाऱ्या आपणांस यांत नवल तें काय?

जुन्या कागदांतील माणसें स्वतःची बाजू मांडावयास येऊं शकत नाहींत. शब्दाचा त्या काळचा अर्थ शोधणें हाच त्यांना मिळणारा न्याय होय.