बोटांवर मोजलेले महिने आणि स्पार्टाची गादी

हेडफोन लावलेत ना? मग चला, आज प्राचीन ग्रीसमधल्या स्पार्टाला जाऊया.

स्पार्टात एका वेळी दोन राजे असायचे, हे माहितीये? आगियाड आणि युरिपाँटिड अशी दोन घराणी. दोन्ही स्वतःला हेराक्लीसच्या वंशातल्या जुळ्या भावांचे वारस म्हणवायची. राजांनी सैन्य न्यायचं, देवाला बळी द्यायचे. आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला दरवर्षी निवडलेले 5 एफोर.

म्हणजे गादी जन्मावर. आणि जन्माचा पुरावा? बापाचा शब्द!

हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने सांगितलेली गोष्ट ऐका. राजा ॲरिस्टनला दोन बायकांपासून मूल झालं नाही. तिसरीला मुलगा झाला, पण दिवस भरायच्या आधीच. बातमी आली तेव्हा राजा एफोरांसोबत बसला होता. त्याने बोटांवर महिने मोजले आणि बोलून गेला, हा माझा असूच शकत नाही.

पुढे त्याला पस्तावा झाला. मुलगा आपलाच, असं त्याने मानलं. तो मुलगा डेमाराटस, आणि बापामागून तो राजाही झाला. पण तो शब्द एफोरांच्या कानांवर पडून गेला होता.

इ.स.पू. 491 च्या सुमारास दुसऱ्या गादीवरच्या क्लिओमेनीसशी त्याचं बिनसलं. क्लिओमेनीसने भाऊबंदांतल्या लिओटिकिडासला हाताशी धरलं आणि तो जुना शब्द उकरून काढला. वाद डेल्फीच्या देवळात गेला. तिथे वशिला लावून पुजारिणीकडून हवा तो कौल मिळवला. डेमाराटसची गादी गेली.

नव्या राजाने भर उत्सवात नोकर पाठवून त्याला डिवचलं. डेमाराटस तोंड झाकून घरी गेला आणि आईला शपथ घालून विचारलं, माझा बाप कोण? आई म्हणाली, ॲरिस्टन, नाहीतर त्याचं रूप घेऊन आलेला वीर अस्त्राबाकस. आणि सगळ्याच बायकांचे दिवस पूर्ण भरत नाहीत रे, तू सातव्या महिन्यातला.

मी स्वतः सातव्या महिन्यात जन्मलोय, त्यामुळे इथे दरवेळी थांबतो. एवढी साधी गोष्ट! पण तिला आधी कुणी विचारलंच नव्हतं.

डेमाराटस शेवटी इराणच्या दरबारी गेला. इ.स.पू. 480 मध्ये झर्क्सिसची फौज थर्मोपिलीला पोचली, तेव्हा तो सल्लागार म्हणून सोबत होता. समोर खिंडीत उभा होता स्पार्टाचा राजा लिओनिडास, त्याच क्लिओमेनीसचा सावत्र भाऊ. आणि झर्क्सिसला डेमाराटस सांगत होता, ही माणसं मागे हटणार नाहीत.

गादी काढून घेतली, पण गाव काही त्याच्यातून गेलं नाही. भेटूया पुढच्या भागात!