किलोच्या भावातले कसब



अधिवेशनाच्या अध्यक्षाने विकासदराचे आकडे सांगायचे, हा आपल्याकडचा प्रघात आहे. ते आकडे तुम्हा सर्वांना पाठ असल्यामुळे आज मी ते टाळतो. उत्पन्न किती वाढले, याआधी मला विचारायचे आहे ते हे, की आपल्याला नवे काय करता येऊ लागले?

न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात हीच दुखरी नस पकडली होती. कच्चा माल पाठवायचा आणि पक्का विकत घ्यायचा, अशाने देश एकट्या शेतीवर येऊन पडतो. पुढे अर्थतज्ज्ञ हिर्शमन यांनी १९५८ मध्ये उद्योगांचे मागचे-पुढचे दुवे मांडले: एक उद्योग त्याला माल पुरवणारे आणि त्याचा माल वापरणारे उद्योग उभे करतो. २००९ मध्ये हिदाल्गो आणि हाउसमन या अभ्यासकांनी देशाची निर्यात किती प्रकारची आहे आणि तो माल आणखी किती देशांना जमतो, यावरून त्याची क्षमता मोजली. मोजमापाबद्दल वाद आहेत. सेवाक्षेत्र त्यात नीट बसत नाही. पण दिशा बरोबर आहे.

मला मात्र हे पुस्तकापेक्षा कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात जास्त स्पष्ट दिसते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर नांगरांचा कारखाना उभारला. लोखंडी नांगराने जमीन नासते, असे शेतकरी म्हणत तो काळ. नांगरामागून पंप आले. उसाला पाणी हवे, पाण्याला इंजिन हवे आणि ऐन हंगामात इंजिन बंद पडले तर सुटा भाग येईपर्यंत ऊस थांबत नाही. म्हणून कोल्हापूरच्या मिस्त्रीने तुटलेला भाग समोर ठेवून तसाच दुसरा घडवला. त्यासाठी लाकडी पॅटर्न करणारा सुतार लागला, वाळूचा साचा बसवणारा लागला, वितळलेल्या लोखंडाच्या रंगावरून भट्टीचा ताव ओळखणारा लागला, लेथवाला तर लागलाच. दुरुस्तीतून सुटे भाग, सुट्या भागांतून इंजिने आणि ओतकाम. आज तिथल्या फौंड्र्या वाहनउद्योगाला माल देतात. (याच गावात १९१८ च्या सुमारास चित्रपटकार बाबूराव पेंटरांनी मिस्त्र्यांच्या मदतीने सिनेमाचा कॅमेरा घडवला, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.) साखर कारखान्याचेही तेच. मळीतून मद्यार्क, बगॅसमधून, म्हणजे उसाच्या चोथ्यातून, वीज.

इथवर कौतुक. आता खटकणारी गोष्ट. इंजिनाच्या सिलिंडर ब्लॉकचे ओतीव काम फौंड्रीवाला आजही बहुधा किलोच्या भावाने विकतो. ड्रॉइंग गिऱ्हाइकाचे, चाचणीचे निकष गिऱ्हाइकाचे. डोळ्यांना न दिसणारा सच्छिद्रपणा राहिला तर अख्खा तुकडा नाकारला जातो, आणि तो टाळण्याचे कसब भावात वेगळे मोजले जात नाही. वजन वाढवून माणूस फार पुढे जात नाही. ड्रॉइंग स्वतःचे असेल तेव्हा भाव बदलतो. दक्षिण कोरियाने साठच्या दशकात केसांचे टोपही निर्यात केले, पण तिथे थांबला नाही. १९६८ मध्ये पोलाद कंपनी उभारली आणि सत्तरच्या दशकात स्वतःच्या नावाची मोटार बाजारात आणली. आपण सुट्या भागांवर समाधान मानले, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढचे पाऊल टाकायचे, तर आधी आपले दुवे दिसायला हवेत. उद्योगांत कोण कोणाकडून काय घेतो, याचे राष्ट्रीय तक्ते दिल्लीत तयार होतात. आपल्या विद्यापीठांच्या अर्थशास्त्र विभागांनी निदान एकेका औद्योगिक वसाहतीचा असा तक्ता करावा. विद्यार्थ्यांना फौंड्रीत पाठवा, मिस्त्रींशी बोलू द्या आणि तो अहवाल मराठीत लिहा, म्हणजे तो मिस्त्रींनाही तपासता येईल. पुढच्या अधिवेशनात असे चार तक्ते मांडले गेले, तर एक संपूर्ण सत्र त्यांच्यासाठी राखून ठेवावे, अशी कार्यकारिणीला माझी विनंती आहे.