घरीं आणलेलें मांजराचें पिलूं

मृगाच्या सरी सुरू झाल्या कीं जिन्याखालीं, अडगळींत किंवा बंद दुकानाच्या फळीआड मांजराच्या पिलाचें केविलवाणें ओरडणें ऐकूं येतें. आई घटकाभर भक्ष्य शोधावयास गेली असण्याचाहि संभव असतो. म्हणून कांहीं वेळ लांबून पाहावें, हें बरें. ती आलीच नाहीं, तर एखादें दयाळू घर त्या पिलाला उचलून आणतें, आणि त्या दयेची परीक्षा तेथून सुरू होते.

घरांतील मंडळींचा पहिला उत्साह दुधाच्या वाटींत ओतला जातो. परंतु गाईम्हशींचें दूध पुष्कळ पिलांना पचत नाहीं. हगवण लागते, आणि तो इवलासा जीव एकदोन दिवसांत सुकून जातो. भिजून गार पडलेल्या पिलाला तर आधीं ऊब हवी, अन्न मागाहून. कोमट पाण्याची बाटली फडक्यांत गुंडाळून जवळ ठेवावी. चार आठवड्यांच्या आंतील पिलाला पशुवैद्याच्या सल्ल्यानें, पिलांसाठींच तयार केलेलें दूध पालथें धरून पाजावें. तान्ह्या मुलाप्रमाणें उताणें धरल्यास तें श्वासनलिकेंत जाण्याचें भय असतें. दांत आलेल्या पिलाला आरंभीं उकडून कुसकरलेली, कांटे काढलेली मासळी थोडी थोडी द्यावी. तींत मीठ, कांदा, लसूण ह्यांचा लेशहि नसावा.

ह्यानंतर येते ती मुलांची निराशा. ज्याच्यासाठीं रात्रभर जागरण झालें तें पिलूं कपाटामागें दडून बसतें, हात पुढें केला तर फिसकारतें. ‘कृतघ्न जात!’ असा शेरा मग एखादे आजोबा मारतातच. वस्तुतः मुठीएवढ्या प्राण्याला माणूस हा डोंगराएवढा दिसतो, आणि डोंगर चालूं लागला तर कोणीहि लपेल. त्याला घरभर न मिरवितां एक लहानशी खोली द्यावी; तेथें आडवें टाकलेलें खोकें, अन्नपाणी, आणि त्यांपासून दूर वाळूचें घमेलें असावें. दडलेल्या पिलाला ओढून काढूं नये. कोणीतरी जमिनीवर बसून हलक्या आवाजांत वर्तमानपत्र वाचीत राहावें. डोळे रोखून पाहूं नये. २०२० सालीं ससेक्स विद्यापीठांतील संशोधकांनीं प्रयोगांनीं दाखविलें कीं, माणसानें डोळे सावकाश मिटून उघडले, तर मांजरेंहि तसाच प्रतिसाद देतात व जवळ येण्यास अधिक राजी होतात. मांजराच्या मिटल्या डोळ्यांत केवळ लबाडी पाहणाऱ्या म्हणीला हें उत्तर बरें आहे. मात्र दिवसभरांत पिलानें अन्नाला तोंडच लावलें नाहीं, तर तो बुजरेपणा समजून स्वस्थ न बसतां पशुवैद्याकडे जावें.

त्या खोलींतील लादी फिनेलनें पुसूं नये. पंजे चाटतांना तें पोटांत जातें, आणि मांजराचें यकृत त्या विषाचा निचरा करण्यास फार दुबळें असतें. माणसांची पॅरासिटॅमॉलची गोळी तर मांजराचा प्राणच घेते.

मुलें बोचकारा लपवितात, कारण पिलूं परत सोडून देतील ही त्यांना धास्ती असते. तसें होणार नाहीं, हें त्यांना पहिल्याच दिवशीं सांगून ठेवावें. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबणानें, वाहत्या पाण्याखालीं १५ मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं डॉक्टरला दाखवावी. पिलाला रेबीजची लस बहुधा तिसऱ्या महिन्याच्या सुमारास टोंचतात, तोंवर तर ही खबरदारी अधिकच हवी.