भरतपूरच्या म्हशी आणि बन्नीची बाभूळ



‘पर्यावरण’ हा शब्द आता पाठ्यपुस्तकापासून लग्नपत्रिकेपर्यंत सर्वत्र पोचला आहे. झाडे लावा, गुरे आवरा, रानाला कुंपण घाला, ही त्याची त्रिसूत्री इयत्ता पाचवीतील मुलालाही पाठ असते. या तिन्ही गोष्टी पुष्कळ ठिकाणी योग्यच असतात. अडचण उभी राहते ती ‘पुष्कळ ठिकाणी’ या शब्दांची जागा ‘सर्व ठिकाणी’ हे शब्द घेतात तेव्हा. एकाच मापाचा अंगरखा साऱ्या गावाला शिवला, तर तो कोणाच्या अंगावर फाटतो आणि कोणाच्या अंगावर लोंबतो, हे पाहण्यासाठी देशातील दोन जागा पुरेशा आहेत.

पहिली जागा मराठी कानांना अपरिचित नाही. १७६१ साली पानिपतावरून उपाशी आणि जखमी अवस्थेत परतणाऱ्या मराठ्यांना ज्या सूरजमल जाटाने अन्नवस्त्र आणि आसरा दिला, त्याच्या राज्याची राजधानी भरतपूर. शहराला लागून एक खोलगट भूभाग आहे. १८व्या शतकात जवळच अजान बांध घातला गेला. पुढे संस्थानी अमलात पाट, बंधारे आणि दारे बांधून त्या खोलगटात पाणी खेळवण्यात आले. हेतू पक्षिसंरक्षणाचा मुळीच नव्हता. राजेरजवाड्यांना आणि गोऱ्या पाहुण्यांना बदकांची शिकार सोयीची व्हावी, एवढाच होता. १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या एका दिवसाच्या शिकारीत ४,२७३ पक्षी पडले. ज्या स्थळाला आज जगभरचे पक्षिप्रेमी तीर्थ मानतात, त्याची घडण अशी बंदुकीच्या चापाजवळ झाली, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणायचा.

सांगण्याचा मुद्दा असा की, केवलादेवाच्या देवळावरून नाव मिळालेली ही सुमारे २९ चौरस किलोमीटरची पाणथळ माणसाने केलेली आहे आणि माणसाच्या वावरातच ती जगली. भोवतालच्या गावांच्या म्हशी तेथे पिढ्यान् पिढ्या चरत होत्या. बाया गवताचे भारे नेत. वाळ्याची मुळे खणली जात. उन्हाळ्यात पाणी आटले की गुरे तळापर्यंत उतरत, पावसाळ्यात काठावर येत. पक्षी होते आणि म्हशीही होत्या; दोघांपैकी कोणाची दुसऱ्याबद्दल तक्रार असल्याचे दिसत नव्हते.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, तो देशाच्या फार मोठ्या गरजेतून आला. वाघ संपत चालला होता. त्याच्या तीनच वर्षे आधी, १९६९ साली, निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची महासभा नवी दिल्लीत भरली होती आणि ‘राष्ट्रीय उद्यान’ म्हणजे मानवी वापरापासून मुक्त ठेवलेला प्रदेश, अशी त्याची व्याख्या तेथे पक्की झाली होती. या कल्पनेचे मूळ १८७२ च्या अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानात आहे. भारतीय कायद्यानेही तोच कित्ता गिरवला. अभयारण्यात काही अटींवर गुरे चारता येतील. राष्ट्रीय उद्यानात मात्र एकही गाय, एकही म्हैस जाऊ नये. कान्हाच्या सालवनाला जे कलम, तेच भरतपूरच्या मानवनिर्मित तळ्याला.

मार्च १९८२ मध्ये केवलादेव हे राष्ट्रीय उद्यान झाले आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात चराई बंद करण्यात आली. जनावरांना दुसरीकडे चारा कोठे मिळेल, याची पुरेशी तजवीज झाली नव्हती. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांशी चकमक झाली, गोळीबार झाला आणि त्यात गावकऱ्यांचे प्राण गेले. म्हशी चारण्यासाठी माणसे मरावीत, ही घटना आपल्याकडील संवर्धनाच्या इतिहासात ठळक अक्षरांनी नोंदवायला हवी होती. ती बहुधा तळटीपेत आढळते.

बंदीची शिफारस करणाऱ्यांमध्ये मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी होती आणि तिचे अध्वर्यू डॉ. सलीम अली होते. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्यास यत्किंचितही जागा नाही. पक्ष्यांसाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांना हजारो गुरांची वर्दळ खटकणे स्वाभाविक होते. परंतु याच सोसायटीने १९८० पासून भरतपूरच्या पाणथळीचा दहा वर्षांचा अभ्यास हाती घेतला होता, आणि बंदी या अभ्यासाच्या मध्येच लागू झाली. हा योगायोग दुःखद खरा, पण शास्त्राच्या दृष्टीने मोलाचा ठरला. म्हशी असतानाचे तळे आणि म्हशी नसतानाचे तळे, दोन्ही एकाच वहीत नोंदले गेले.

त्या नोंदींतून निघाले ते असे. तळ्यात पॅस्पॅलम नावाचे पाणगवत वाढते. म्हैस खोल पाण्यात शिरून ते खाते. गाय तेथे जात नाही आणि विळा पोचला तरी त्याचा उरक म्हशीइतका नसतो. म्हशी गेल्यावर गवताने पाण्यावर सतरंजी अंथरावी तसे आपले जाळे पसरले. उघडे पाणी कमी झाले, माशांना ते जाचले आणि उघड्या पाण्यावर उतरणाऱ्या बदकांची जागा आक्रसली. डॉ. व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखाली पूर्ण झालेल्या या अभ्यासाचा अहवाल १९९१ साली आला. म्हशींची चराई या पाणथळीला उपकारक होती आणि ती मर्यादित प्रमाणात पुन्हा सुरू व्हावी, असा त्याचा निष्कर्ष होता. सलीम अली तोवर, १९८७ साली, निवर्तले होते. स्वतःच्याच संस्थेने पूर्वी दिलेल्या सल्ल्याच्या उलट निष्कर्ष संस्थेने छापून प्रसिद्ध करावा, हा प्रामाणिकपणा दुर्मीळ आहे आणि त्याचे श्रेय तिला निःसंकोच दिले पाहिजे.

सायबेरियातून येणाऱ्या पांढऱ्या क्रौंचांची कथा याहून करुण आहे. १९६०च्या दशकात भरतपुरास त्यांचे सुमारे दोनशे पक्षी येत; २००१-०२ च्या हिवाळ्यात अखेरची जोडी दिसली. या ऱ्हासाचा सगळा दोष चराईबंदीवर ढकलणे अन्यायाचे होईल. त्यांच्या मार्गावर अफगाणिस्तान-पाकिस्तानात होणारी शिकार हे त्याचे मोठे कारण होते, आणि संख्या बंदीपूर्वीच घटत होती. तरी काही गावकऱ्यांचे एक म्हणणे नोंदण्याजोगे आहे. क्रौंच मातीतील कंद उकरून खातो. वाळा खणणाऱ्यांच्या कुदळीने आणि गुरांच्या खुरांनी ती माती भुसभुशीत राहत असे. माणूस बाहेर गेला आणि माती घट्ट झाली. हे म्हणणे शंभर टक्के खरे ठरो वा न ठरो. बंदीपूर्वी ते कोणी विचारले नाही, ही त्यातील टोचणारी बाब आहे.

दुसरी जागा कच्छमधील बन्नी. सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचे हे गवताळ रान, आणि त्यावर जगणारे मालधारी पशुपालक. वरून पाहणाऱ्याला तेथे झाड दिसत नाही, म्हणून ते ओसाड वाटते. आपल्या सोलापूर-नगरच्या माळरानांनाही महसुली कागदावर बहुधा ‘पडीक’ हाच शेरा मिळत आला. धनगराची मेंढरे आणि माळढोक त्या ‘पडीक’ भूमीवर पोसले जात होते, हे त्या शेऱ्यात मावत नाही. १९५२ च्या राष्ट्रीय वननीतीने देशाच्या एकतृतीयांश भूमीवर वन असावे असे उद्दिष्ट ठेवले. उद्दिष्ट देशाचे, पण त्याचा धाक प्रत्येक तालुक्याला.

रणातील खारटपणा पुढे सरकू नये म्हणून १९६१ साली वनखात्याने बन्नीच्या सुमारे ३१ हजार हेक्टरांत प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा हे मूळचे अमेरिकेतील झाड लावले. आपण तिला वेडी बाभूळ म्हणतो. कच्छी माणूस ‘गांडो बावळ’ म्हणतो, अर्थ तोच. तिने ते नाव सार्थ केले. गुरे तिच्या गोड शेंगा खात, शेणावाटे बी दूरवर पडे आणि जेथे शेण तेथे झुडूप उगवे. झाडाच्या सावलीत गवत हटले. नद्यांवर झालेल्या धरणांमुळे येणारे गोडे पाणीही घटले होतेच. शेंगांच्या माऱ्याने कांकरेज गाईंचे आरोग्य बिघडू लागले. म्हैस ते सोसते, म्हणून मालधारी हळूहळू म्हशींकडे वळले. बन्नी म्हशीला २०१० साली स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली, ती या पशुपालकांच्या निवडक पैदाशीच्या जोरावर.

आता उलटा आग्रह कानावर येतो: ही बाभूळ साऱ्या देशातून समूळ उपटा. तामिळनाडूत २०१७ साली उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने तसा आदेशही दिला आणि थोड्याच काळात त्यावर स्थगिती आली. बन्नीत आज काही कुटुंबांची चूल याच झाडाच्या कोळशावर पेटते. शेजारच्या गोठ्याला मात्र गवत हवे असते. कोठे उपटावी, कोठे राखावी, हे त्या दोघांनी ठरवायचे की तिसऱ्याने, हा प्रश्न आहे. मालधाऱ्यांनी २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मागितले, ते झाडापेक्षा या निर्णयासाठी मागितले.

भरतपूरच्या उद्यानातही ही वेडी बाभूळ शिरली. ती मुळासकट काढण्यासाठी या शतकात भोवतालच्या गावांतील लोकांना आत बोलावण्यात आले आणि उपटलेले लाकूड त्यांना नेऊ दिले गेले. गवत कापण्यासाठीही परवाना घेऊन त्यांना जाता येऊ लागले. माणूस अशा रीतीने कुऱ्हाड आणि विळा घेऊन आत परतला आहे. कलम तेच असल्यामुळे म्हैस अजून भिंतीबाहेर आहे.