मुलाने सांगितले तर ऐकावे



आपला माण तालुका दुष्काळी. पाऊस हुकला की माणसे ऊसतोडीला, मजुरीला बाहेर पडतात. मुले आजीजवळ, नातेवाइकांकडे राहतात. त्यांचे पोट भरते. पण त्यांचे ऐकून कोण घेते?

मुलावर अत्याचार करणारा बहुधा ओळखीचाच असतो. मग तो नातेवाईक असो, शेजारी असो, शिक्षक असो की उस्ताद. मूल बोलू लागले की आपण म्हणतो, "गप्प बस, खानदानाची इज्जत जाईल." बंधूंनो, इज्जत मुलाच्या बोलण्याने जात नाही, आपल्या गप्प बसण्याने जाते.

२०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे लैंगिक अत्याचाराची खबर पोलिसांना न देणे हाही गुन्हा आहे. मुलाचा जबाब घरीच घेता येतो, त्याचे नाव छापता येत नाही. १०९८ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फुकट फोन लागतो.

पण कायदा येतो तो घाव बसल्यावर. त्याआधी मोहल्ल्याने जागे राहावे. याच म्हसवडात १९९७ साली बायकांनी माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली. एकजुटीने बँक उभी राहते, तर मुलांची राखण का होणार नाही? कोणाचे आईबाप बाहेरगावी आहेत, कोणते मूल शाळेत दिसत नाही, याची चौकशी शेजाऱ्यांनी करावी. अडलेल्या घराला धान्य, फी आणि धीर द्यावा.

आपले पैगंबरसाहेब स्वतः यतीम होते, हे विसरू नये. विद्यार्थी मित्रहो, तुमचा काही दोष नाही. एकाने ऐकले नाही, तर दुसऱ्याला सांगा.

खुदा हाफिज.