ही वेबसाइट कोणाची?



सौर कृषिपंपाचा अर्ज भरायला आपल्या नांदेड-लातूरकडचा शेतकरी मोबाइल उघडतो, तेव्हा खऱ्या संकेतस्थळाशेजारी बनावटही समोर येतात. पीएम-कुसुम या सौरपंप योजनेच्या नावानं नोंदणी शुल्क उकळणाऱ्या अशा संकेतस्थळांबद्दल केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयानं वेळोवेळी जाहीर इशारे दिलेत. नावावरून ओळखावं, तर आपल्या राज्याच्या महाऊर्जा या संस्थेनंही या योजनेसाठी डॉट कॉमवर संपणारंच अधिकृत संकेतस्थळ चालवलं. मग पैसे गेल्यावर माणूस विचारतो, ही वेबसाइट कोणाची?

ते ठाऊक असतं डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचं नाव, विकणाऱ्या रजिस्ट्रार कंपनीला. पूर्वी मालकाचं नाव, पत्ता, फोन कुणालाही इंटरनेटवर पाहता येई. मे 2018 मध्ये युरोपचा डेटा संरक्षण कायदा लागू झाला आणि बहुतेक ठिकाणी हा तपशील झाकला गेला. काही कंपन्या त्याहून पुढे जातात. 2017 साली पीटर सुंडे यांनी काढलेली ‘न्याल्ला’ ही कंपनी डोमेन स्वतःच्याच नावावर घेते आणि ग्राहकाला वापरायला देते.

हा आडोसा चोरांपुरताच नाही. गोदावरीतल्या बेकायदा वाळूउपशावर जो लिहितो, त्याच्या घराचा पत्ता वाळूमाफियांना घरबसल्या मिळावा का? मुळीच नाही. खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 2017 मध्ये एकमतानं सांगितलंय. नुसत्या वकिली नोटिशीवर ग्राहकाचं नाव देणारी कंपनी मला भरवशाची वाटत नाही. न्यायालयाचा आदेश असावा, नाहीतर तपास अधिकाऱ्याची कायदेशीर लेखी मागणी; आणि मागितलं तेवढंच द्यावं.

डॉट इन नावांना मालक लपवणारी सेवा चालत नाही. ती नोंदणी निक्सी या भारतीय संस्थेकडे, त्यामुळे आदेश देशातच बजावता येतो. परदेशी कंपनीला मात्र आपल्या पोलिसांची नोटीस बंधनकारक नसते. दोन देशांतल्या कायदेसाहाय्य कराराच्या वाटेनं कागद फिरतात, त्यात महिने जातात. तोवर शेतकऱ्याचे पैसे पार खात्याबाहेर गेलेले असतात. म्हणून माझा आग्रह आहे: फसवणुकीचा ठोस पुरावा आला की कंपनीनं ते डोमेन ताबडतोब बंद करावं. त्यासाठी कुणाचं नाव उघड करावं लागत नाही.

आणि फसवणूक झालीच, तर आधी 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा. तक्रार लवकर गेली तर रक्कम बँकेतच अडवता येते; मालकाचा शोध लागायची वाट पाहावी लागत नाही. संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता आणि पैसे भरल्याची पावती जपून ठेवा, पोलीस ठाण्यात दोन्ही लागतात.