समुद्रातील वायू आणि देशाची निश्चिंती



शहरांतील पुष्कळ घरांत आता नळाने पाणी यावे तसा नळीने वायू येतो. शेगडी पेटते, चहा होतो. हा वायू कोठून आला, हे कोणी विचारीत नाही. ते विचारावे, एवढ्यासाठीच आम्ही आज येथे उभे आहोत.

१९७३ साली पश्चिम आशियात युद्ध झाले आणि काही महिन्यांत खनिज तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. नेमक्या त्याच आपत्काळी, फेब्रुवारी १९७४ मध्ये, मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर, ‘सागर सम्राट’ने खोदलेल्या विहिरीत तेल लागले. याला दैवयोग म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. तेल व नैसर्गिक वायू आयोग १९५६ साली स्थापन झाला होता, आणि १९६० नंतरच्या दशकात सोव्हिएत तज्ज्ञांच्या साहाय्याने या समुद्राची पाहणीही झाली होती. पाण्यात ध्वनीच्या लहरी सोडावयाच्या आणि तळाखालच्या खडकांवरून परतणाऱ्या प्रतिध्वनींवरून खालची रचना ताडावयाची, अशी ही विद्या आहे. संकट आले तेव्हा नकाशा हाती होता. तहान लागल्यावर विहीर खणावयास निघणे, असे येथे झाले नाही.

परंतु सापडणे म्हणजे लाभणे नव्हे. तेलाबरोबर वायूही वर येतो. तेल पिंपात भरता येते. वायूला नळ लागतो, आणि नळाच्या दुसऱ्या टोकाला गिऱ्हाईक लागते. ही व्यवस्था अपुरी असल्यामुळे १९८० नंतर कित्येक वर्षे आपल्या समुद्रात पुष्कळसा वायू नुसता जाळून टाकावा लागला. पुढे उरणला वीज आणि थळला खत त्यावर होऊ लागले. १९७६ साली वसईच्या समुद्रात सापडलेल्या क्षेत्राचा वायू हजिऱ्याला उतरला आणि तेथून विजयपूरमार्गे जगदीशपूरपर्यंत नळ गेला. त्या वाटेवरच्या कारखान्यांत वायूपासून युरिया होतो. उत्तरेतल्या गव्हाच्या कणसात आपल्या पश्चिम समुद्राचाही वाटा आहे, तो असा!

आता दुसऱ्या किनाऱ्याकडे पाहू. आपल्या त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी जेथे सागराला मिळते, तेथील खोल पाण्यात २००२ साली मोठा साठा सापडला. २००९ साली वायू वाहू लागला. २०१० साली त्याचे मान दिवसाला सुमारे सहा कोटी घनमीटरांवर गेले. देशाची चिंता मिटली असे अनेकांना वाटले, त्याच्या भरवशावर वीजकेंद्रे उभी राहिली, आणि तीन-चार वर्षांत उत्पादन चौथाईच्या आसपास आले. वीजकेंद्रे वायूवाचून बसली. २०२० च्या अखेरीपासून त्याच भागातील अधिक खोल विहिरींनी पुन्हा हात दिला खरा. पण भूगर्भातील साठा हा पेढीवरच्या ठेवीसारखा मोजून ठेवलेला नसतो, हा धडा विसरता कामा नये.

आज देशाला लागणाऱ्या वायूपैकी सुमारे निम्मा बाहेरून येतो. तो उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रवरूपात जहाजांनी आणतात. त्यातला बराचसा कतारहून, होर्मूझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून निघतो. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले, युरोपने मिळेल त्या भावाने असा वायू उचलला, आणि आपल्याला खरेदी कमी करावी लागली. भांडण दोन परक्या देशांचे. झळ मात्र आपल्या कारखान्यांना!

मग निश्चिंती कशात आहे? केवळ साठ्यात नव्हे, तयारीत आहे. पहिली तयारी शोधाची : जुनी क्षेत्रे म्हातारी होतात, म्हणून भाव उतरलेले असतानाही पाहणी व खोदाई थांबता कामा नये. दुसरी साठवणीची : धान्याची कोठारे आपण बांधली, पण वायूचा मोठा राखीव साठा करणे अजून आपल्याला साधलेले नाही. तिसरी काटकसरीची, आणि ती सरकारवर सोपविता येणार नाही. सूर्य आणि वारा जेथे काम भागवितात, तेथे वायू जाळू नये. तो खतासाठी राखावा. लाखो वर्षांची ही कमाई एकदाच खर्चावयाची आहे.

घरातील शेगडीची कळ फिरविताना एवढे ध्यानात राहिले, तरी आमचे बोलणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.